पाच वॅटचा प्रश्न : घरातला छोटा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आणि त्यामागचे एक शतक

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या 'सेमिकॉन इंडिया' परिषदेत 'विक्रम' हा ३२ बिटचा भारतीय बनावटीचा प्रोसेसर पंतप्रधानांना सादर करण्यात आला. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत घडलेली ही चिप अवकाशयानांसाठी आहे. नखाएवढ्या सिलिकॉनवर किती ट्रान्झिस्टर मावतात, याची चर्चा देशभर चालू असताना गिटार शिकणाऱ्यांच्या आणि वाजविणाऱ्यांच्या वर्तुळात मात्र वेगळाच प्रश्न विचारला जातो : घरी वाजविण्यासाठी व्हॉल्व्हचा छोटा ॲम्प्लिफायर घ्यायचा असेल, तर कोणता घ्यावा?

प्रश्न छंदाचा वाटतो, पण त्यात विज्ञानाच्या इतिहासातील एक कोडे दडलेले आहे. ज्या निर्वात नळीला ट्रान्झिस्टरने रेडिओतून, दूरध्वनीच्या केंद्रातून आणि संगणकातून हद्दपार केले, ती या एका लाकडी पेटीत अजून का तेवते आहे? आणि शक्तीचे कौतुक असलेल्या या जगात जाणकार माणूस पन्नास वॅट सोडून पाच वॅटकडे का वळतो? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. अभियंत्यांनी ज्याला दोष मानले, त्याला वादकांनी गुण ठरविले. आणि तो गुण ऐकू यायचा, तर यंत्र लहानच असावे लागते.

या कथेचा आरंभ विजेच्या दिव्यापासून होतो. १८८० च्या दशकाच्या प्रारंभी टॉमस एडिसन आपल्या दिव्यांच्या काचेवर आतून जमणाऱ्या काळ्या थराचा शोध घेत होता. दिव्यात एक जादा धातूची पट्टी बसविली, तर तापलेल्या तंतूकडून त्या पट्टीकडे रिकाम्या जागेतून वीज वाहते, असे त्याच्या लक्षात आले. १८८४ मध्ये त्याला यावर आधारित उपकरणाचे पेटंट मिळाले. पण हे घडते का, हे त्याला सांगता आले नाही. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला १८९७ साल उजाडावे लागले.

पुढचे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे : १९०४. त्या वर्षाच्या मार्चमध्ये कोलकात्याच्या जगदीशचंद्र बोस यांना गॅलेना या खनिजाच्या स्फटिकावर चालणाऱ्या विद्युत्‌लहरी-शोधकाचे अमेरिकी पेटंट मिळाले. अर्धवाहकाच्या उपयोगाचे ते अगदी आरंभीचे पेटंट होय. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी दोन अग्रांच्या निर्वात नळीसाठी अर्ज दाखल केला. विजेला एकाच दिशेने जाऊ देणारी म्हणून तिला त्यांनी 'व्हॉल्व्ह', म्हणजे झडप, असे नाव दिले. चिपचे आणि नळीचे पूर्वज असे एकाच वर्षी कागदावर आले. पुढची चाळीस-पन्नास वर्षे नळीची होती; स्फटिकाला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागले.

१९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट याने तंतू आणि पट्टी यांच्यामध्ये तारेची एक जाळी बसविली. ही 'ग्रिड' म्हणजे या नळीचा आत्मा. जाळीवरचा विद्युत्‌दाब किंचित बदलला, की तिच्यातून पलीकडे जाणारा इलेक्ट्रॉनांचा ओघ मोठ्या प्रमाणात बदलतो. कालव्याच्या दारावरचे चाक बोटाने फिरवावे आणि पाण्याचा लोंढा कमी-जास्त व्हावा, तसे हे आहे. क्षीण संकेताला बलवान करण्याची युक्ती माणसाला सापडली. अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांनी नळीतील निर्वात अधिक पक्का केला आणि १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हे दूरध्वनीवरचे संभाषण अशाच नळ्यांच्या बळावर शक्य झाले.

या अभियंत्यांचे ध्येय स्पष्ट होते. जो आवाज आत गेला, तोच मोठा होऊन बाहेर यावा. त्यात भर पडू नये आणि उणे होऊ नये. त्यात पडणारी प्रत्येक भर म्हणजे विकृती आणि विकृती म्हणजे शत्रू. १९२७ मध्ये हॅरल्ड ब्लॅक यांनी बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटा करून पुन्हा आत सोडण्याची, म्हणजे ऋण प्रतिभरणाची, कल्पना मांडली. तीही विकृती घटविण्यासाठीच. पुढे वादकांनी जे डोक्यावर घेतले, ते पुसून टाकण्यासाठी विसाव्या शतकातील अत्यंत कुशाग्र बुद्धीची माणसे राबत होती.

भारतातही या विद्येचे पाऊल लवकर पडले. शिशिरकुमार मित्र यांनी फ्रान्समधील नान्सी येथे रेडिओच्या व्हॉल्व्हवर काम केले आणि १९२३ मध्ये परतून कोलकाता विद्यापीठात बिनतारी विद्येच्या अध्यापनाचा व संशोधनाचा पाया घातला. १९२७ मध्ये मुंबई आणि कोलकाता येथून नियमित नभोवाणी सुरू झाली. त्यानंतरच्या चार दशकांत भारतीय घराला निर्वात नळीचा परिचय झाला, तो रेडिओच्या रूपाने. बटण फिरविल्यावर काही क्षण शांतता, मग मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून दिसणारा नारिंगी उजेड, हिरवा 'मॅजिक आय' आणि हळूहळू वर येणारा आवाज, ही आठवण अनेक घरांत अजून आहे.

या रेडिओचे दोन भाग असत. पहिला भाग हवेतून स्थानक निवडून त्यातला ध्वनिसंकेत वेगळा काढी. दुसरा तो संकेत वाढवून लाउडस्पीकरला देई. गिटारचा छोटा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर म्हणजे मूलतः रेडिओचा हा दुसरा भागच होय. अनेक रेडिओंना मागे ग्रामोफोन जोडण्यासाठी जागा असे. त्या जागी गिटारची तार खोचली, तर रेडिओच ॲम्प्लिफायर होई.

मात्र त्यासाठी गिटारच्या तारेचे कंपन विजेत बदलणे आवश्यक होते. ते काम १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत जॉर्ज बोशँप यांनी लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या साहाय्याने साधले. त्यांचे वाद्य तव्यासारखे दिसे, म्हणून 'फ्राइंग पॅन' याच नावाने ओळखले गेले. ते मांडीवर आडवे ठेवून तारेवर धातूचा तुकडा सरकवत वाजविण्याचे हवाईयन गिटार होते. मींड आणि गमक यांची सवय असलेल्या भारतीय कानाला हा सरकता स्वर परका वाटला नाही. कोलकात्यात हवाईयन गिटारचे मोठे वेड पसरले. सुनील गांगुली आणि व्हॅन शिप्ली यांनी विद्युत गिटारवर चित्रपटगीतांच्या धुना वाजवून त्या घरोघर नेल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी तर हे वाद्य रागसंगीतात आणले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीच्या सोबतीला त्यांचीच गिटार आहे.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी १९३८ मध्ये लिओ फेंडर यांनी रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटले. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. पण दुकानात येणाऱ्या वादकांच्या तक्रारी ते लक्षपूर्वक ऐकत. त्यांच्या सुरुवातीच्या ॲम्प्लिफायरच्या रचना नळ्यांच्या कारखानदारांनी प्रसिद्ध केलेल्या नमुना-आराखड्यांच्या जवळ जाणाऱ्या होत्या आणि त्यांच्या पेट्यांवर टेलिफोन कंपनीच्या पेटंटांच्या परवान्याचा उल्लेख असे. दूरध्वनीपासून गिटारपर्यंतची वंशावळ त्या कागदाच्या चिटोऱ्यावर वाचता येत होती.

१९४८ मध्ये फेंडर यांनी विद्यार्थ्यांसाठी एक लहान ॲम्प्लिफायर बाजारात आणला आणि पुढे तो 'चॅम्प' या नावाने प्रसिद्ध झाला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातला चॅम्प पाहिला, तर त्याहून साधे काही असू शकत नाही, असे वाटते. नळ्या अवघ्या तीन. घरातल्या विजेचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणारी एक; गिटारचा क्षीण संकेत दोन टप्प्यांत वाढविणारी 'ट्वेल्व्ह-ए-एक्स-सेव्हन' ही दुसरी; आणि लाउडस्पीकर हलविण्याइतकी शक्ती देणारी 'सिक्स-व्ही-सिक्स' ही तिसरी. त्यांच्या जोडीला एक आठ इंची लाउडस्पीकर आणि आवाजाचे एकच बटण. शक्ती सुमारे ५ वॅट. त्यातली 'सिक्स-व्ही-सिक्स' १९३६ मध्ये आली होती, ती रेडिओसारख्या उपकरणांसाठी. युरोपात फिलिप्स कंपनीने १९५३ च्या सुमारास आणलेली 'ई-एल-८४' ही सडपातळ नळी याच कामाची. तिच्यावर पुढे ब्रिटनचे व्हॉक्स ॲम्प्लिफायर उभे राहिले. घरगुती छोट्या ॲम्प्लिफायरच्या दुनियेत आजही मुख्यतः याच दोन घराण्यांमधून निवड करावी लागते.

विद्यार्थ्यांसाठीच्या या पेटीत एक मर्यादा होती. बटण अर्ध्याच्या पुढे नेले, की आवाज वाढण्याऐवजी जाड, खरबरीत होई. अभियंत्याच्या दृष्टीने यंत्र आपल्या क्षमतेपलीकडे गेले होते. वादकांच्या कानाला मात्र त्यात काही वेगळेच सापडले. १९५१ च्या 'रॉकेट ८८' या गाण्यातील गिटारचा फाटका आवाज प्रवासात इजा झालेल्या ॲम्प्लिफायरमुळे आला, असे सांगितले जाते. १९५८ च्या 'रंबल'साठी लिंक रे याने लाउडस्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोके पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या 'द किंक्स' या वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस या तरुणाने आपल्या एका लहानशा ॲम्प्लिफायरचा लाउडस्पीकर पात्याने चिरला आणि 'यू रिअली गॉट मी' या गाण्याचा आवाज जन्माला आला. दोष अपघाताने आला, मग मुद्दाम घडविला गेला आणि अखेरीस त्याचीच शैली झाली.

हे का घडले, याला भौतिकशास्त्राचे उत्तर आहे. ताणलेल्या तारेतून एकच स्वर निघत नाही. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वरही निघतात. दुप्पट कंपनसंख्या म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर; तिप्पट म्हणजे त्याच सप्तकातला पंचम. नळीचा प्रतिसाद सरळ रेषेसारखा नसून किंचित वाकलेला असतो. त्यामुळे संकेत वाढविताना ती त्यात नवे उपस्वर मिसळते. एकाच शक्तिनळीवर चालणाऱ्या छोट्या ॲम्प्लिफायरमध्ये दुपटीचा उपस्वर विशेष ठळक असतो. तो मूळ स्वराशी पूर्ण संवादी असल्यामुळे कानाला बिघाड न जाणवता भरीवपणा जाणवतो. नळी क्षमतेच्या टोकाला पोहोचली, तरी लहरीचा माथा एकदम कापला जात नाही. तो आधी गोलावतो, मग सपाट होतो. म्हणून हळू छेडले तर स्वच्छ आणि जोरात छेडले तर खरखरीत, असा फरक बोटांच्या दाबावर अवलंबून राहतो. वादकाला यंत्र जिवंत वाटते, ते या कारणाने.

भारतीय संगीताला ही कल्पना नवी नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून 'जवारी' लावतात, तेव्हा हेच घडते. घोडीचा माथा सपाट-गोलसर असतो आणि कंप पावणारी तार त्याला पुन:पुन्हा स्पर्श करते. काटेकोर हिशेबाने पाहिले तर तो तारेच्या मुक्त कंपनातला अडथळाच; पण त्यातूनच उपस्वरांचे ते झळाळते वर्तुळ उभे राहते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले, की वीणा आणि तंबोरा यांत तार जिथे छेडली जाते, त्या जागेमुळे जे उपस्वर रूढ नियमानुसार उमटायलाच नकोत, तेही ऐकू येतात. आणि याचे श्रेय घोडीच्या विशिष्ट रचनेकडे जाते. मिरजेच्या कारागिराचा धागा आणि फुलर्टनच्या दुकानातली नळी यांची भौतिकी वेगळी आहे, पण दोन्हींत सारखेपणा आहे : सरळपणापासून मोजून-मापून ढळण्यात नादाची श्रीमंती असते.

१९६० च्या दशकात संगीत सभागृहातून मैदानात गेले आणि ॲम्प्लिफायर फुगू लागले. लंडनच्या हॅनवेल भागातील जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ च्या सुमारास फेंडरच्याच एका रचनेवरून नवा ॲम्प्लिफायर बांधला गेला आणि थोड्याच वर्षांत शंभर वॅटच्या भिंतीएवढ्या पेट्या मंचावर उभ्या राहिल्या. पण गोम अशी, की नळीचा तो हवाहवासा आवाज ती टोकाला गेल्यावरच येतो आणि शंभर वॅट टोकाला नेणे म्हणजे कान बधिर करणे. यावर उपाय शोधले गेले. १९७० च्या दशकाच्या मध्यास पहिल्या टप्प्यातच खरखर निर्माण करून शेवटचा आवाज वेगळ्या बटणाने कमी करण्याची 'मास्टर व्हॉल्यूम'ची सोय रूढ झाली. १९८० च्या सुमारास ॲम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर यांच्यामध्ये बसवून शक्तीचा बराचसा भाग उष्णतेत घालविणारी उपकरणे आली. आणि सर्वांत साधा उपाय तर आधीच अस्तित्वात होता : विद्यार्थ्यांसाठीची ती पाच वॅटची पेटी.

मात्र पाच वॅट म्हणजे कमी आवाज, हा समज खरा नाही. कानाचे गणित बेरजेचे नसून गुणाकाराचे आहे. शक्ती दहापट केली, की आवाज साधारण दुप्पट मोठा भासतो. म्हणजे ५० वॅटचा ॲम्प्लिफायर ५ वॅटपेक्षा दहापट नव्हे, दुप्पट मोठा. गिटारचा एखादा लाउडस्पीकर १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर ९३ डेसिबल आवाज देत असेल, तर ५ वॅटवर तो सुमारे १०० डेसिबल देतो आणि अर्ध्या वॅटवरही ९०. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार १०० डेसिबलच्या आवाजात दिवसाकाठी पंधरा मिनिटांहून अधिक काळ राहू नये. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही परिसरातील आवाजाची मर्यादा आहे. दोन इमारतींमध्ये हातभर अंतर असलेल्या भारतीय शहरात पाच वॅटचे बटण पूर्ण फिरविले, तर शेजारच्याच नव्हे, वरच्या आणि खालच्या मजल्यावरही त्याची वार्ता पोहोचेल.

म्हणून घरासाठी निवड करताना पहिला प्रश्न 'किती मोठा?' हा नसून 'किती लहान आवाजात तो आपल्या रंगात येतो?' हा असावा. ५ वॅटची एकच बटण असलेली जुन्या धर्तीची रचना सर्वांत शुद्ध. पण तिचा रंग मोठ्या आवाजातच खुलतो. ज्याचे घर स्वतंत्र आहे, त्याला ती शोभते. सदनिकेत राहणाऱ्याने शक्ती १ वॅट किंवा त्याहून खाली आणण्याचे बटण, मास्टर व्हॉल्यूम आणि हेडफोनची सोय पाहावी. त्यातही तडजोड आहे : पहिल्या टप्प्यातील नळीची खरखर आणि शक्तिनळीची खरखर सारखी नसते, आणि लाउडस्पीकरच्या कागदाला हलायला पुरेशी शक्ती मिळाली नाही, तर आवाजाचा भरीवपणा कमी होतो. शिवाय कमी आवाजात कानाला खालचे आणि वरचे स्वर फिके भासतात. रात्रीच्या कुजबुजीत मंचावरचा आवाज मिळेल, अशी अपेक्षा कोणत्याही यंत्राकडून करू नये.

दुसरा प्रश्न लाउडस्पीकरचा. आठ इंची लाउडस्पीकर आणि लहान पेटी यांचा आवाज मध्यम स्वरांत एकवटलेला, काहीसा डबीतून आल्यासारखा असतो. अनेक ध्वनिमुद्रणांत तो मोहक वाटतो. पण स्वच्छ, खोल स्वर हवा असणाऱ्याला दहा किंवा बारा इंची लाउडस्पीकर आणि थोडी मोठी पेटी समाधान देते. नळी बदलण्यापेक्षा लाउडस्पीकर बदलल्याने आवाजात पडणारा फरक बहुधा अधिक असतो.

तिसरा प्रश्न प्रामाणिकपणाचा. काही स्वस्त यंत्रांत एकच नळी खिडकीतून दिसेल अशी बसविलेली असते आणि खरे काम ट्रान्झिस्टरच करतात. त्यात गैर काही नाही. पण शक्तिनळी आणि तिचा ट्रान्सफॉर्मर आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

चौथा प्रश्न भारतासाठी विशेष महत्त्वाचा आहे : वीजपुरवठा. अमेरिकेतून आणलेला ॲम्प्लिफायर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झ यांसाठी बांधलेला असतो. इथे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ आहेत. तो थेट जोडला तर क्षणात जळेल. दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर लावला, तरी ५० हर्ट्‌झ बदलत नाहीत आणि केवळ साठासाठीच आखलेला आतला ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो. म्हणून २३० व्होल्टसाठीच बनविलेले यंत्र घेणे श्रेयस्कर. दोन सावधगिरीच्या गोष्टी मात्र कोणत्याही देशात सारख्याच आहेत. लाउडस्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कधी चालवू नये, त्याचा निर्गम-ट्रान्सफॉर्मर निकामी होऊ शकतो. आणि हौसेपोटी पेटी उघडू नये. आत तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तार भिंतीतून काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतो.

नळीत जादू नाही, हेही सांगायला हवे. रसेल हॅम यांनी १९७३ मध्ये नळी आणि ट्रान्झिस्टर यांच्या अतिभारित अवस्थेतील उपस्वरांची तुलना करून दोहोंतील फरक मोजून दाखविला. पण जे मोजता येते, त्याची नक्कलही करता येते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अंकीय यंत्रे नळीच्या वर्तनाचे गणिती प्रतिरूप वापरू लागली आणि आज ती इतकी सुधारली आहेत, की कमी आवाजात, हेडफोनवर वाजविणाऱ्याला ती अनेकदा अधिक सोयीची ठरतात. नळीची बाजू घ्यायची, तर तिच्या साधेपणाची घ्यावी. तीन नळ्या आणि मूठभर सुटे भाग यांची रचना एका कागदावर मावते. जाणकार कारागीर ती पन्नास वर्षांनंतरही दुरुस्त करू शकतो.

पण दुरुस्तीसाठी नळी मिळायला हवी, आणि इथे या कथेला आर्थिक व राजकीय वळण लागते. १९४७ च्या डिसेंबरमध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढच्या काही दशकांत पश्चिमेतील नळ्यांचे कारखाने एकामागोमाग एक बंद पडले. सोव्हिएत गोटात मात्र लष्करी उपयोगासाठी ते टिकले. १९७६ मध्ये एक सोव्हिएत वैमानिक मिग-२५ घेऊन जपानच्या हाकोदाते विमानतळावर उतरला, तेव्हा त्या विमानाच्या यंत्रणेत निर्वात नळ्या पाहून पाश्चात्त्य तज्ज्ञ चकित झाले होते. शीतयुद्ध संपले आणि हेच कारखाने जगभरच्या गिटारवादकांचे आधार बनले : रशियातील सारातोव्ह, स्लोव्हाकिया आणि चीन. गिटारच्या नळ्यांचा बहुतांश जागतिक पुरवठा आज अशा मोजक्या ठिकाणांवर विसंबून आहे. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाने अनेक वस्तूंची निर्यात रोखली, तेव्हा नळ्यांचा पुरवठा थांबण्याची भीती पसरली. थोड्याच काळात निर्यातीला वाट मिळाली. पण किमती वाढल्या आणि एक धडा मिळाला. म्हणूनच घरासाठी ॲम्प्लिफायर निवडताना त्यातील नळ्या प्रचलित जातीच्या आहेत ना, हे पाहणे शहाणपणाचे ठरते.

या धड्याला भारतीय बाजूही आहे. बंगळूरुची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये फ्रान्सच्या एका कंपनीच्या सहकार्याने स्थापन झाली. १९६१ मध्ये तिथे रेडिओच्या नळ्यांचे उत्पादन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी जर्मेनियमच्या अर्धवाहक घटकांचे. म्हणजे भारताने नळी आणि तिची उत्तराधिकारी ही दोन्ही जवळजवळ एकाच वेळी बनवायला घेतली. काचेचा फुगा, शुद्ध निकेल, मायक्रोमीटरच्या अचूकतेने गुंडाळलेली जाळी, पक्का निर्वात, हे सारे कौशल्य देशात आले. कालांतराने रेडिओच्या नळ्यांची मागणी आटली आणि ते उत्पादन मागे पडले. भारतीय बनावटीच्या जुन्या नळ्या मात्र आजही देशोदेशींचे हौशी लोक शोधत असतात.

निर्वाताची विद्या देशातून गेली नाही, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवे. उपग्रहावरून पृथ्वीकडे बलवान संकेत पाठविण्यासाठी आजही 'ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब' ही निर्वात नळीच मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. रडारमध्ये आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हमध्येही नळीच आहे. राजस्थानातील पिलानी येथे १९५३ मध्ये पायाभरणी झालेल्या केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत या सूक्ष्मलहरी नळ्यांवर दशकानुदशके काम चालू आहे. उच्च कंपनसंख्येवर मोठी शक्ती हवी असते, तिथे निर्वाताला अजून सहजासहजी पर्याय नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्या योजनेच्या तुलनेत पाच वॅटच्या पेटीचा विषय क्षुल्लक आहे. तरी तिच्या इतिहासातून एक गोष्ट दिसते. तंत्रज्ञान जुने झाले म्हणून मरत नाही. ते बनविणारे हात आणि ते मागणारे कान उरले नाहीत, तर मरते. बंगळूरुत हात होते, पण नळी मागणारे कान रेडिओबरोबर पांगले. सारातोव्हमध्ये हात उरले आणि त्यांना दूरदेशीच्या वादकांचे कान मिळाले. शिलाँगमध्ये १९७२ पासून लू माजाव दरवर्षी बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करतात. ज्या देशात अशी गिटारवेडी गावे आहेत, तिथे कान नाहीत असे म्हणता येणार नाही.

घरी वाजविण्यासाठी यंत्र निवडणाऱ्याने हे ओझे शिरावर घेण्याचे कारण नाही. खोली लहान असेल तर शक्ती कमी करण्याची सोय, सवय स्वच्छ स्वराची असेल तर मोठा लाउडस्पीकर, नळ्या सहज मिळणाऱ्या आणि वीज २३० व्होल्टची, एवढे पाहिले तरी निवड चुकणार नाही. मग बटण दाबावे आणि तीस सेकंद थांबावे. ट्रान्झिस्टर तत्काळ बोलतो. नळीला आधी तापावे लागते. कॅथोड लाल होतो, एडिसनला न उलगडलेला तो प्रवाह रिकाम्या जागेतून वाहू लागतो, आणि पहिली तार छेडली जाते.